सकर आणताय? आधी टेप घ्या!

शनिवारची संध्याकाळ. कोल्हापुरातलं एक ॲक्वेरियमचं दुकान. माझ्या हातात गप्पी आणि मोलीच्या पिशव्या, नवऱ्याच्या हातात एक देखणा एंजल. बिल होता होता दुकानदारानं जाळी बुडवली आणि दोन इंचांचा, ठिपक्याठिपक्यांचा एक काळपट जीव बाहेर काढला. "ह्यो पण घेऊन जावा ताई. सकर. काच चाटून साफ करतोय, टँक धुवायचं टेन्शनच नाही!"

चाळीस रुपयांत कायमचा सफाई कामगार. कोण सोडेल? मास कॉमला दोन वर्षं घोकून घेतलं होतं, की एकाच सोर्सवर विसंबायचं नाही. बातमीच्या बाबतीत मी हे पाळते. माशाच्या बाबतीत साफ विसरले.

उचगावातल्या आमच्या फ्लॅटमध्ये तेव्हा दोन फुटी टँक होता. म्हणजे जेमतेम पंचावन्न लिटर पाणी. नवरा शिरोली एमआयडीसीतून शिफ्ट संपवून यायचा, मी लॅपटॉप मिटायचे आणि हायवेवरच्या ट्रकांचा आवाज विसरून आम्ही दोघं त्या टँकसमोर चहा घ्यायचो. सकरचं नाव ठेवलं गण्या. पहिले दोन महिने गण्यानं काच खरंच चकाचक ठेवली. मग तो वाढायला लागला. वाढतच गेला. वर्ष-दीड वर्षात नऊ इंच! वळायचं म्हटलं तरी शेपटी काचेवर आपटायची. आणि काच? आता ती मीच घासत होते, कारण मोठा झाल्यावर गण्याला शेवाळात फारसा इंटरेस्ट उरला नव्हता. वर त्याची घाण इतकी, की दर तीन दिवसांनी पाणी बदलायची वेळ आली.

एका सकाळी एंजलच्या अंगावर पांढरट, खरवडल्यासारखा डाग दिसला. पुढच्या आठवड्यात दुसरा. मग एका रात्री झोप येईना म्हणून अंधारात टॉर्च मारला, तर गण्या एंजलच्या कुशीला तोंड लावून चिकटलेला. एंजल, डिस्कस, गोल्डफिश असे संथ आणि रुंद अंगाचे मासे असले, की मोठ्या सकरला त्यांच्या अंगावरचा चिकट थर चाटायची सवय लागू शकते, विशेषतः पोट भरत नसेल तर. आणि आम्ही त्याला वेगळं खायला कधी घातलंच नव्हतं. तो काच खातो ना! एंजल काही वाचला नाही.

मग मी बसून वाचलं, जे आधी वाचायला हवं होतं. सकर, क्रोकोडाइल, प्लेको अशा नावांनी आपल्याकडे जे विकतात, ते मूळचे दक्षिण अमेरिकेचे, अंगावर हाडांच्या पट्ट्यांचं चिलखत असलेले कॅटफिश. त्यांच्या शेकडो जाती आहेत. इतक्या, की नावं ठेवायच्या आधीच मासे बाजारात यायला लागले आणि १९८८ साली 'दात्झ' या जर्मन मासिकानं त्यांना सरळ 'एल' नंबर द्यायला सुरुवात केली. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा झेब्रा प्लेको म्हणजे एल ४६. तो फक्त ब्राझीलच्या शिंगू नदीत सापडतो आणि २०२२ च्या साइट्स परिषदेनंतर त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधनं आली आहेत. तेव्हा त्याचे फोटो बघून खूश व्हा, बस्स. आपल्या दुकानांतला स्वस्त सकर मात्र बहुतेक वेळा टेरिगोप्लिक्थिस गटातला निघतो. तो सहज फूटभर होतो, दीड फुटापर्यंतही जातो. दोन फुटी टँकमध्ये दीड फुटाचा मासा, म्हणजे वन रूम किचनमध्ये घोडा.

गण्याचं करायचं काय? दुकानदार म्हणाला, "एवढा मोठा आता कोण घेतंय ताई?" खालच्या मजल्यावरच्या काकांनी प्रेमानं सल्ला दिला, "अगं, रंकाळ्यात सोडून ये की. जीव वाचंल, पुण्य लागंल." नवऱ्याच्या मित्राचा सल्ला आणखी भारी. "वहिनी, पंचगंगेत सोडा. जाईल पोहत ब्राझीलला!"

खोटं का सांगू, बादली काढून झाली होती. शेवटी पाय निघाला नाही, कारण मधल्या काळात उजनीबद्दल वाचलं होतं. भीमेवरच्या त्या जलाशयात गेल्या काही वर्षांत मच्छीमारांच्या जाळ्यात सकर यायला लागलेत. बाजारात त्यांना भाव नाही. पाठीवरच्या आणि बाजूच्या काट्यांनी जाळं फाटतं, ते वेगळंच. हे मासे काठाच्या मातीत बिळं करून अंडी घालतात, पाण्यातला ऑक्सिजन कमी झाला तर वर येऊन हवा गिळतात, आणि चिलखतामुळे त्यांना खाणारंही फारसं कोणी नाही. अशा पाहुण्याला हुसकणार कसं? आमची पंचगंगा तर पुढे नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. २०१९ आणि २०२१ च्या पुरात तिचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं होतं. त्या पाण्याबरोबर कोण कुठे पोचेल, सांगता येत नाही.

सुदैवानं मित्राच्या मित्राकडे सहा फुटी टँक निघाला, त्यात मोठे सिक्लिड आहेत. गण्या तिकडे गेला. मी त्याला झाकणाच्या बादलीत घालून स्कूटरवर नेलं. सिग्नलला तो आतून असा आपटत होता की शेजारचा रिक्षावाला विचारतोय, "कोंबडी हाय का?"

आता आमच्याकडे तीन फुटी टँक आहे, साधारण दीडशे लिटरचा. यावेळी दुकानात जाताना माझ्याकडे फंडा तयार होता. मासा आज केवढा आहे हे विचारायचंच नाही. पूर्ण वाढ झाल्यावर केवढा होतो, ते विचारायचं. आमच्या हिशेबात ब्रिसलनोज बसला. जास्तीत जास्त पाच इंच, स्वभावानं गरीब, आणि शेवाळ मोठेपणीही खातो. गप्पी, मोली, टेट्रा कुणाच्याही वाट्याला जात नाही. एकच अट, दोन नर ठेवायचे नाहीत, गुहेवरून मारामारी होते. मोठ्या नराच्या नाकावर दाढीसारखे काटेरी धागे असतात, मादीला नसतात किंवा अगदी बारीक असतात.

पिल्लू असताना मात्र हे धागे दिसत नाहीत आणि तिथेच आपण फसतो. तेव्हा पाठीवरचं कल्ल्यासारखं उभं पंख बघा. मासा ते पसरेपर्यंत काचेसमोर उभे राहा आणि त्यातल्या काड्या मोजा. दहा किंवा जास्त असतील तर तो गण्याचा भाऊबंद, हात मागे घ्या. दुकानातली गर्दी बघत राहील, बघू दे. टँक लहान असेल तर क्लाउन प्लेको चालेल, तो चार इंचांच्या आत राहतो. पण तो लाकूड कुरतडणारा, काच साफ करायची त्याच्याकडून अपेक्षा ठेवू नका. ब्रिसलनोजलाही पाण्यात ड्रिफ्टवूडचा एखादा तुकडा हवाच.

आणि हो, यातला कुणीही इतर माशांची विष्ठा खात नाही. पाणी तुम्हालाच बदलायचंय. कोल्हापूरच्या थंडीत रात्रीचा पारा उतरला की हीटरही लावावा लागतो, २२ अंशांच्या खाली गेलं तर हे आळसावतात.

आमचा ब्रिसलनोज दिवसभर माठाच्या फुटक्या तुकड्याखाली पडून असतो. रात्री अकराला टँकचा लाइट बंद केला, की नवरा काट्याला टोचलेली काकडीची चकती आत सोडतो आणि आम्ही अंधारात गप्प बसून राहतो. सकाळी फक्त साल उरलेलं असतं.