आधी बादली, मग खराटा

दिवाळीच्या सुट्टीत कळवणला घरी आलात की पहिलं फर्मान ठरलेलं : "मळ्यातली खोली झाडून घे." उन्हाळ कांदा विकून चाळ रिकामी झालेली असते, शेजारच्या पत्र्याच्या खोलीत मात्र बारदान, मक्याची कणसं, जुने ठिबकचे पाइप पडलेले. खाली उंदराच्या लेंड्या. तुम्ही मोबाइलवर गाणं लावता, खराटा उचलता आणि दहा मिनिटांत खोलीभर धूळ.

जरा थांबा. उंदीर चावला तरच आजार होतो, असं आपल्याला वाटतं. हंटाव्हायरसला चाव्याची गरज नसते. तो उंदराच्या लघवीतून, लेंड्यांतून, लाळेतून बाहेर पडतो. झाडताना ती घाण धुळीबरोबर उडते आणि आपण ती श्वासातून आत घेतो. गंमत म्हणजे ज्याच्या अंगात हा विषाणू असतो, तो उंदीर ठणठणीत दिसतो.

कोरियाच्या युद्धात सुमारे ३ हजार सैनिक अशा तापाने आजारी पडले. कारण सापडायला १९७० चं दशक उजाडलं. तिथल्या हंतान नदीवरून विषाणूला नाव मिळालं. १९९३ मध्ये अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात धडधाकट तरुण माणसं धाप लागून दगावू लागली. आदल्या हंगामात पाऊस चांगला झाला, रानात खायला भरपूर झालं, उंदीर वाढले. हे गणित शेतकऱ्याच्या पोरांना वेगळं सांगायला नको. फुप्फुसांवर जाणाऱ्या त्या प्रकारात दर दहा रुग्णांमागे तीन-चार जण जातात.

आणि हे सगळं लांबचं नाही बरं का. १९६४ मध्येच तमिळनाडूत वेल्लोरला एका चिचुंद्रीत या कुळातला विषाणू सापडला होता. त्याने माणसाला काही केल्याची नोंद नाही. पण पुढे त्याच भागात उंदीर पकडणारे इरुळा आदिवासी आणि गोदाम कामगार यांचं रक्त तपासलं, तेव्हा काहींच्या रक्तात हंटाव्हायरसविरुद्धची प्रतिपिंडं निघाली. म्हणजे संबंध येऊन गेला होता.

घाबरून जाऊ नका. आपल्याकडे उंदरांमुळे होणारा नेहमीचा आजार लेप्टोच. तो जिवाणूचा, ओल्यातून, चिखलातून येणारा. त्यावर अँटिबायोटिक आहे. हंटावर असं हमखास औषध नाही, म्हणून धूळच उडू द्यायची नाही. चाळ चहूबाजूंनी हवेशीर असते, हे आपलं नशीब. खरी काळजी बंद खोलीची.

दार-खिडक्या उघडून अर्धा तास बाहेर चहा घ्या. मग एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी असं मिश्रण लेंड्यांवर शिंपडा, पाच मिनिटं भिजू द्या. हातमोजे घालून फडक्याने पुसून घ्या. कोरडा खराटा नाही. तोंडाला बांधलेला रुमाल बारीक धूळ अडवत नाही, त्याच्या भरवशावर राहू नका.

वडील म्हणतील, "आम्ही जन्मभर असंच झाडलं, काय झालं आम्हाला?" वाद घालू नका, बादली भरून आणा.

आणि पुढच्या महिना-दीड महिन्यात ताप, अंगदुखी, धाप असं काही झालं, तर डॉक्टरांना स्वतःहून सांगा : उंदरांची घाण असलेली खोली झाडली होती. गर्दीच्या ओपीडीत हा प्रश्न तुम्हाला कुणी विचारेलच असं नाही.