आवडीचे सीमोल्लंघन
ऑपेरा, बॅले आणि मधल्या वाटेवरचे गाणे

गाण्याच्या बाबतीत ग्वाल्हेरचा माणूस सहसा तडजोड करीत नाही. ज्या शहरात ख्यालाची गायकी घडली, जेथे तानसेनाच्या समाधीपाशी दरसाल समारोह भरतो आणि जेथे १९१८ साली माधव संगीत महाविद्यालय निघाले, तेथील जुन्या मराठी घरांत 'हे गाणे' आणि 'हे नुसते मनोरंजन' अशी रेघ मुलांना फार लवकर दाखवून दिली जाते. तशीच रेघ युरोपातही आहे. तिकडच्या कर्मठ रसिकांच्या मते ऑपेरा हे गाणे. आणि ऑपेराचा गळा घेऊन ध्वनिक्षेपकासमोर हलकीफुलकी गीते म्हणणे, ज्याला तिकडे 'क्रॉसओव्हर' असे नाव पडले आहे, हा निव्वळ बाजार. या सीमोल्लंघनाविषयी, आणि एकंदरीतच ऑपेरा-बॅलेच्या आवडीनिवडीविषयी, आज चार शब्द लिहावयाचे आहेत. आवड ज्याची त्याची. तेव्हा वाचकांनी वाद घालण्याचा आपला हक्क राखून ठेवावा.

प्रथम ऑपेरा. इ. स. १६०० च्या सुमारास फ्लॉरेन्समधील काही विद्वानांनी प्राचीन ग्रीक नाटकाचे पुनरुज्जीवन करण्याचा घाट घातला आणि त्यातून हा प्रकार जन्मास आला. १६०७ साली मोन्तेवेर्दीचा 'ऑर्फेओ' मान्तुआच्या दरबारी मंडळींसमोर झाला. १६३७ साली व्हेनिसमध्ये तिकीट काढून कोणालाही जाता येईल असे पहिले ऑपेरागृह उघडले. म्हणजे दरबारातून पेठेत यावयास जेमतेम तीस वर्षे लागली. आपल्या संगीत नाटकाशी त्याची तुलना नेहमी केली जाते, परंतु एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. 'सौभद्रा'त पात्रे बोलतात आणि मध्येच गातात. ऑपेरात बहुधा सारेच गाइले जाते. पत्र मागणे, दार लावणे, डॉक्टरला बोलावणे, सर्व सुरात. नवख्याला प्रथम हसू येते. ते येऊ द्यावे. अर्ध्या तासात जाते.

प्रस्तुत लेखकाचा सर्वांत आवडता ऑपेरा म्हणजे व्हेर्दीचा 'ला त्राव्हियाता'. १८५३ साली व्हेनिसमध्ये तो पहिल्यांदा झाला आणि साफ पडला. पुढे जगभर गाजला. व्हायोलेत्ता ही पॅरिसमधील एक गणिका. तिचा एका तरुणावर जीव जडतो. दुसऱ्या अंकात त्या तरुणाचा बाप तिच्याकडे येतो आणि विनवतो, की माझ्या मुलीचे लग्न ठरले आहे, तुमच्या या संबंधामुळे ते मोडेल, तेव्हा माझ्या मुलाला सोड. घराण्याची अब्रू आणि बहिणीचे लग्न! हा प्रसंग समजण्यासाठी आपल्याला इटालियन येण्याची मुळीच गरज नाही. तो बाप दुष्ट नाही, तो सभ्यपणे बोलतो, आणि म्हणूनच ते द्वंद्वगीत असह्य होते. एक भले घर सावरावे म्हणून एका बाईच्या आयुष्याची किंमत मोजली जाते, आणि ती किंमत तीच मोजते.

ही भूमिका मारिया कॅलसने लिस्बन येथे १९५८ साली केली, तिचे ध्वनिमुद्रण आज कोणालाही ऐकता येते. रेनाता तेबाल्दीचा आवाज अधिक गोड होता, हे कॅलसचे भक्तही मान्य करतात. पण शेवटच्या अंकात क्षयाने खंगलेली व्हायोलेत्ता गतकाळाचा निरोप घेते, तेव्हा कॅलस तो सूर इतका बारीक करते की वाटावे, आता तुटला. गोड गळ्यापेक्षा हा धोका पत्करणारा गळा आम्हास प्यारा आहे.

आता त्या सीमोल्लंघनाकडे येऊ. ७ जुलै १९९० रोजी, जागतिक फुटबॉल स्पर्धेच्या अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी, रोममधील काराकल्लाच्या प्राचीन स्नानगृहांच्या अवशेषांत तीन गायक एकत्र आले: पावारोत्ती, डोमिंगो आणि कारेरास. कारेरास रक्ताच्या कर्करोगातून वाचून उठले होते. वाद्यवृंदाचे संचालक होते आपल्या मुंबईत १९३६ साली जन्मलेले झुबिन मेहता. त्या रात्रीची ध्वनिमुद्रिका अभिजात संगीतात पूर्वी कधी खपली नव्हती इतकी खपली, आणि पुच्चिनीच्या 'तुरान्दोत'मधील 'नेस्सून दोर्मा' हे पद जगाच्या ओठांवर गेले.

पद खरोखर सुंदर आहे. परंतु मूळ ऑपेरात ते टाळ्यांसाठी थांबत नाही. वाद्ये तशीच पुढे धावतात. राजपुत्राचे नाव पहाटेपर्यंत कळले नाही तर नगरजनांना मरण आहे. राजपुत्र मात्र आपल्या विजयाची खात्री गातो आहे. त्यानंतर थोड्याच वेळात त्याच्यावर मूक प्रेम करणारी दासी लिऊ, त्याचे नाव सांगावे लागू नये म्हणून, स्वतःचा प्राण देते. पुच्चिनी १९२४ साली वारला तो हा ऑपेरा अपुरा ठेवून. १९२६ साली मिलानच्या 'ला स्काला'त पहिला प्रयोग झाला, तेव्हा लिऊच्या मृत्यूनंतर तोस्कानिनीने हातातली छडी खाली ठेवली आणि प्रयोग तेथेच संपविला. सुटे पद ऐकणाऱ्याला विजय मिळतो, त्याची किंमत ऐकू येत नाही. क्रॉसओव्हरविरुद्ध आमची खरी तक्रार एवढीच.

पण मग आपणही काय करतो? नाटकातले पद उचलून बैठकीत रंगविण्याची चाल आपल्याकडे शंभर वर्षांची आहे. नाटक विस्मरणात जाते आणि पद उरते. आपल्या घराघरांतून कितीतरी माणसे नाट्यपदाचे बोट धरूनच ख्यालापर्यंत पोचली. तिकडेही तेच घडले. मारिओ लान्झा हा रंगभूमीवर फारसा न गाइलेला, चित्रपटांतला गायक. त्याचा 'द ग्रेट करूसो' १९५१ साली आला, आणि तो पाहून बालवयातील कारेरासला गाण्याचा ध्यास लागला. जिन्याच्या पहिल्या पायरीला नावे ठेवून माडीवर जाता येत नाही.

मात्र एक गोष्ट खरोखरच पणाला लागली आहे. ऑपेराचा गायक ध्वनिक्षेपकावाचून गातो. पन्नास-साठ वाद्यांच्या कल्लोळातून त्याचा आवाज शेवटच्या रांगेत पोचतो, तो केवळ जोरावर नव्हे. कसलेल्या गळ्यात सेकंदाला सुमारे तीन हजार कंपनांच्या आसपास एक झळाळी येते, आणि नेमक्या त्या पट्ट्यात वाद्यवृंदाचा जोर ओसरलेला असतो. ही झळाळी कमावण्यास वर्षे लागतात. आंद्रेआ बोचेल्लीचे १९९५ सालचे 'कोन ते पार्तिरो' कानाला गोड आहे. बाराव्या वर्षी दृष्टी गेलेल्या आणि कायद्याचा अभ्यास केलेल्या या गृहस्थाच्या जिद्दीविषयी आदरच वाटतो. पण तेथे अर्धा भार यंत्र उचलते. नव्या गायकांनी तीच सोय धरली, तर पुरे नाट्यगृह भरणारा गळा ऐकावयास मिळणार कोठे? ग्वाल्हेरच्या खुल्या आवाजाचा अभिमान बाळगणाऱ्यांना हा प्रश्न परका वाटू नये.

बॅलेविषयी थोडक्यात. चायकोव्हस्कीचा 'स्वान लेक' १८७७ साली मॉस्कोत आला. आज दिसते ते रूप बहुतांशी १८९५ सालच्या पीटर्सबर्गच्या प्रयोगाचे. त्यात पिएरीना लेन्यानीने एका पायावर घेतलेल्या बत्तीस गिरक्या अजूनही नर्तकीची कसोटी मानल्या जातात. कथकच्या चक्करांना दाद देणारे आपण त्यांनाही देतोच. तथापि आमचे मन दुसऱ्या अंकात रमते, जेथे शुभ्र हंसिनींची रांग नुसती मान वळविते आणि सरोवर डोळ्यांपुढे उभे राहते.

हा प्रकार आपल्याला अगदीच अपरिचित नाही. अ‍ॅना पाव्हलोव्हाबरोबर १९२३ साली लंडनमध्ये उदय शंकर कृष्ण होऊन नाचले. त्यांच्याच अल्मोड्याच्या केंद्रातले शांती बर्धन यांनी १९५२ साली मुंबईत 'लिटल बॅले ट्रूप' स्थापिला; कळसूत्री बाहुल्यांच्या हालचालींत नाचलेले त्यांचे 'रामायण' प्रसिद्ध आहे. हेच मंडळ बर्धन यांच्या मृत्यूनंतर काही वर्षे आपल्या ग्वाल्हेरात होते आणि मग भोपाळला गेले, हे जुन्या मंडळींना आठवत असेल.

तेव्हा नवशिक्या रसिकाला आमचे सांगणे असे: त्या तीन गायकांपासून खुशाल आरंभ करावा, पण तेथे थांबू नये. 'नेस्सून दोर्मा' आवडले, तर एक संध्याकाळ काढून 'तुरान्दोत' पुरा ऐकावा, आणि लिऊ मरते तेथे क्षणभर यंत्र बंद करावे. सीमा ओलांडण्यात पाप नाही. दसऱ्याला सोने लुटण्यासाठी आपणही वेशीबाहेर जातोच. फक्त लुटलेले सोने घरी आणावयाचे असते, एवढे विसरू नये.