लघवी केशरी करणारी गोळी

क्षयरोगाचे उपचार सुरू झाले की पहिल्या एक-दोन दिवसांतच अनेक रुग्ण धास्तावतात. लघवी केशरी होते, घामाने बनियनला तांबूस डाग पडतात, डोळ्यांतले पाणीही रंगते. रक्त जातेय असे समजून कुणी गोळ्याच बंद करतो. हा रंग रिफाम्पिसिन या औषधाचा, आणि तो निरुपद्रवी आहे. (डोळे पिवळे झाले, उलट्या थांबेनात, तर मात्र लगेच डॉक्टरांना गाठावे.) पहिली गोळी हातात देतानाच हे सांगितले पाहिजे.

1957 साली फ्रान्सच्या भूमध्य किनाऱ्यावरची माती मिलानच्या लेपेटिट प्रयोगशाळेत आली. तिच्यातल्या एका जिवाणूपासून पिएरो सेन्सी आणि मारिया तेरेसा टिंबाल यांच्या गटाने रिफामायसिन मिळवले. ते पोटातून नीट शोषले जात नव्हते. रेणूत फेरफार करत 1965च्या सुमारास तोंडाने घेता येणारे रिफाम्पिसिन तयार झाले.

जिवाणूला प्रथिन बनवायचे तर आधी डीएनएवरून आरएनए उतरवून घ्यावा लागतो. ते काम करणाऱ्या विकराच्या वाटेत रिफाम्पिसिन ठाण मांडते. दोन-तीन दुवे जुळले की साखळी तिथेच अडते. क्षयाचे काही जंतू निपचित पडून असतात, मधूनच थोडा वेळ जागे होतात. तेवढ्या वेळातही हे औषध त्यांना गाठते. पायराझिनामाइडच्या जोडीने त्याने दीड वर्षाचा उपचार सहा महिन्यांवर आणला.

तरीही सक्रिय क्षयरोगात ते एकटे देत नाहीत. फुप्फुसातल्या एका पोकळीत कोट्यवधी जंतू असतात, आणि औषधाला दाद न देणारा एखादा त्यांत आधीपासूनच असू शकतो. बाकीचे मेले की रान त्याचेच. गोळ्यांमध्ये खंड पडला तरी अशा जंतूंना वाव मिळतो. सीबीनॅट चाचणी बेडक्यातल्या जंतूच्या एका जनुकातला 81 अक्षरांचा तुकडा तपासते आणि रिफाम्पिसिन लागू पडेल का, ते दोनेक तासांत सांगते.

आणखी एक गोष्ट ओपीडीच्या गर्दीत हमखास राहून जाते. रिफाम्पिसिन यकृतातली विकरे वाढवते, त्यामुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा शरीरातून लवकर निचरा होतो आणि त्यांचा भरवसा उरत नाही. उपचार चालू असताना, आणि संपल्यावरही किमान महिनाभर, तांबी किंवा निरोध वापरावा. नर्सताईंनी सांगितले नाही, तर आपण होऊन विचारावे.