व्यवसाय : काही नाही

‘‘काही झालेलं नाही तुम्हाला. सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत.’’

हे ऐकून खरं तर जीव भांड्यात पडायला हवा. पण हे ऐकून दवाखान्यातून बाहेर पडणाऱ्या बाईचा चेहरा कधी पाहिलाय? मान दुखत होती ती दुखतेच आहे, चक्कर येत होती ती येतेच आहे, दुपारनंतर हातापायांतली ताकद गेल्यासारखं होतं ते होतंच आहे. फरक इतकाच, की आता घरी सांगायची सोय राहिली नाही. ‘‘डॉक्टरांनी सांगितलं ना काही नाही म्हणून? मग कसली नाटकं?’’ हे उत्तर ठरलेलं!

आमच्या महिला मंडळाच्या आरोग्य शिबिरात नावनोंदणीचं टेबल माझ्याकडे असतं. नाव, वय, पत्ता आणि पुढे ‘व्यवसाय’ असा एक रकाना. रांग मोठी असते, म्हणून मी बायकांना न विचारताच तिथे ‘गृहिणी’ लिहून मोकळी व्हायचे. एका शिबिरात चाळिशीची एक ताई आली. उजवा खांदा आणि मान वर्षभर दुखत होती, रात्री बोटांना मुंग्या यायच्या. दोन डॉक्टर झाले होते. एक्स-रे झाला, रक्त तपासून झालं, सगळं नॉर्मल. शेवटी झोपेची गोळी सुरू झाली होती. शिबिरातल्या डॉक्टरबाईंनी विचारलं, ‘‘ताई, दिवसभर काम काय करता?’’

‘‘काही नाही, घरीच असते.’’

डॉक्टरबाई खोदून खोदून विचारत गेल्या तेव्हा कळलं, की ही ‘घरीच असणारी’ ताई पहाटे साडेचारला उठून मेसच्या डब्यांसाठी रोज अडीचशे पोळ्या लाटते. जमिनीवर बसून, मान खाली घालून. त्यानंतर घरातल्या सहा माणसांचं सगळं, शिवाय अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांना उचलणं-बसवणं. डॉक्टरबाईंनी केसपेपर माझ्यापुढे धरला आणि ‘गृहिणी’ या माझ्या अक्षरावर बोट ठेवून एवढंच म्हणाल्या, ‘‘वहिनी, दुखण्याचं कारण या रकान्यात होतं हो.’’

मला अगदी शरमल्यासारखं झालं. तेव्हापासून या विषयावर मिळेल ते वाचत गेले. त्यातलंच थोडं तुम्हाला सांगावंसं वाटतं.

डॉक्टरबाईंनी विचारला तो प्रश्न तीनशे वर्षांचा जुना आहे. इटलीत बर्नार्डिनो रामाझिनी नावाचे डॉक्टर होऊन गेले. त्यांच्या घरचा मैलाखड्डा उपसायला एक माणूस आला होता. तो जिवाच्या आकांताने काम उरकत होता. एवढी घाई कशासाठी, असं विचारल्यावर तो म्हणाला, इथे जास्त वेळ राहिलं की डोळ्यांची आग होते, मग घरी जाऊन अंधाऱ्या खोलीत पडून राहावं लागतं. रामाझिनींना यातून वाट सापडली. त्यांनी कारागीर, धोबिणी, सुइणी अशा कितीतरी लोकांच्या कामाचा आणि दुखण्यांचा अभ्यास केला आणि १७०० मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. रोग्याला विचारायच्या नेहमीच्या प्रश्नांत त्यांनी एकाची भर घातली : तू काम काय करतोस?

तपासणीत कारण न सापडणारी दुखणी जगभर सगळीकडे आहेत आणि त्यांवर विद्यापीठांतून संशोधनही चालतं. पूर्वी बाईच्या अशा दुखण्याला सरसकट ‘हिस्टेरिया’ म्हणून टाकत. हा शब्द आला ग्रीक भाषेतल्या गर्भाशयाच्या नावावरून! म्हणजे बाईचं काहीही दुखलं तरी दोष गर्भाशयाचा. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांनी १९८० मध्ये हे निदान आपल्या यादीतून काढलं. तपासणीत कारण सापडत नाही एवढ्यावरून कुणाचं दुखणं मानसिक ठरवू नये, हा बदल यायला मात्र २०१३ साल उजाडलं.

आपल्या शेजारच्या गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास तर प्रत्येकीने समजून घ्यावा असा आहे. १८ ते ५० वर्षांच्या २,४९४ स्त्रियांशी बोलून, त्यांची तपासणी करून तो झाला आणि २००५ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून आला. त्यातल्या १२.१ टक्के स्त्रिया सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ थकव्याने हैराण होत्या. आपल्याकडे बाई थकली म्हटलं की पहिला संशय रक्तावर. पण या अभ्यासात थकव्याचा हिमोग्लोबिनशी संबंध दिसला नाही. संबंध दिसला तो घरावरच्या कर्जाशी, पोटभर जेवण न मिळण्याशी, नवऱ्याच्या लैंगिक जबरदस्तीशी, विधवा किंवा नवऱ्यापासून वेगळं असण्याशी, घरात शब्दाला किंमत नसण्याशी, आणि मनाच्या खचलेपणाशी.

याचा अर्थ रक्त तपासू नका, असा मुळीच नाही. तपासायलाच हवं. पण लोहाच्या गोळीने कर्ज फिटत नाही आणि नवऱ्याची जबरदस्ती थांबत नाही.

‘‘म्हणजे मनाचेच खेळ की!’’ असं कुणी म्हणेल. मैत्रिणींनो, इथेच तर गफलत होते. सतत धास्तीत, ओढाताणीत राहणाऱ्या माणसाचे स्नायू आखडतात, झोप मोडते, दुखणं जास्त जाणवायला लागतं. दुखतं ते खरंच दुखतं. मनावरचा ताण म्हणजे नाटक नव्हे.

आणि याची दुसरी बाजूही आहे. गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात ती प्रसिद्ध झाली. त्यातल्या ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होतं, आणि त्याआधी कधी अशी तपासणी झालेल्या होत्या अवघ्या ८ टक्के! नीट तपासलंच नाही, तर कारण सापडणार कुठून? म्हणून ‘काही नाही’ हे उत्तर तपासणीनंतरचं आहे की तपासणीऐवजीचं, हेही बघायला हवं.

या दोन्ही गोष्टी विसरल्या की काय होतं, हे आपल्या बीड जिल्ह्याने दाखवलं. ऊसतोडीला जाणारं जोडपं म्हणजे एक ‘कोयता’. मुकादमाकडून उचल घेतलेली, ती फेडेपर्यंत सुटका नाही. पहाटे अंधारात फडावर जायचं, ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावर घेऊन गाडीत भरायच्या. राहायला कोपी, तिथे ना संडास, ना न्हाणी, ना पुरेसं पाणी. पाळी असो की पोटात बाळ असो, खाडा केला की दंड. असं पाच-सहा महिने. अशा बाईची कंबर दुखणार नाही, ओटीपोट दुखणार नाही, अंगावरून पांढरं जाणार नाही तर काय होईल?

पण तिचं काम कुणी विचारात घेतलं नाही. ‘पिशवी खराब झालीय, काढून टाका’ हा सल्ला मिळत गेला. २०१९ मध्ये ओरड झाल्यावर नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारी समिती नेमली गेली. बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली, त्यांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. म्हणजे शंभरात जवळपास सतरा! २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचं हे प्रमाण शंभरात तीनसुद्धा नव्हतं. कित्येक जणी तिशी-पस्तिशीच्या. या वयात गर्भाशयाबरोबर बीजकोशही काढले तर पाळी जाण्याचे सगळे त्रास एकदम मागे लागतात. अंगातून वाफा येतात, झोप उडते, हाडं ठिसूळ होतात. आणि कंबर? मोळी डोक्यावर आहे तोवर ती दुखायची कशी थांबणार? रोग रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात ते हेच.

आपण काही ऊस तोडायला जात नाही, असं म्हणून हे बाजूला ठेवू नका. आपल्या गावात विड्या वळणाऱ्या आहेत, शिवणयंत्रावर दहा-दहा तास वाकलेल्या आहेत, पापड लाटणाऱ्या आहेत. आणि घरकाम? केंद्र सरकारने २०२४ मध्ये लोकांच्या वेळेची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बाईचे दिवसाला सरासरी २८९ मिनिटं बिनपगारी घरकामात जातात. जे पुरुष घरकाम करतात, त्यांची ८८ मिनिटं. पाच तासांच्या जवळ जाणारं काम, त्याला ना रविवार, ना रजा, आणि विचारलं की उत्तर काय, तर ‘काही नाही’!

म्हणून चार गोष्टी सांगते. दुखणं मागे लागलं असेल तर पंधरा दिवस एका वहीत लिहा. कधी दुखलं, त्याआधी काय काम केलं, किती वेळ, कसं बसून. माहेरी चार दिवस गेल्यावर बरं वाटतं का? सणाच्या आठवड्यात वाढतं का? ही वही डॉक्टरांपुढे ठेवा. त्यांनी विचारलं नाही तरी आपण होऊन सांगा, ‘‘माझं काम असं असतं.’’ दुसरं, रिपोर्ट नॉर्मल आले तर ‘‘मग आता पुढे काय करू?’’ हे विचारल्याशिवाय उठू नका. वजन एकदम कमी होणं, पाळी गेल्यावर रक्त जाणं, गाठ लागणं, असं काही असेल तर अजिबात दुर्लक्ष करू नका. तिसरं, गर्भाशय काढायला सांगितलं तर घाईने हो म्हणू नका, सरकारी रुग्णालयात दुसरं मत घ्या. बीडमध्ये तर खासगी रुग्णालयांना या शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यायला सांगितलं गेलं, ते उगाच नाही. आणि चौथं, मन फारच खचलं असेल, घरात जबरदस्ती होत असेल तर एकटीने सोसू नका. ‘टेलिमानस’च्या १४४१६ या सरकारी नंबरवर फुकट बोलता येतं, मराठीतूनही.

त्या पोळ्यांवाल्या ताईचं काय झालं? तिने ओटा उंच करून घेतला, आता उभ्याने लाटते. दर तासाला थोडं थांबते. सासऱ्यांना उचलायचं काम नवरा आणि मुलगा करतात. तेही सहजासहजी झालं नाही, डॉक्टरबाईंनी नवऱ्याला बोलावून समजावलं तेव्हा कुठे! खांदा पूर्ण बरा झालेला नाही. पण बोटांच्या मुंग्या कमी झाल्या आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने झोपेची गोळी हळूहळू बंद झाली.

आमच्या केसपेपरवर ‘व्यवसाय’ रकान्याला आता चार ओळी ठेवल्यात. रांग हळू सरकते, मागच्या बायका कुरकुरतात. कुरकुरू देत. मी प्रत्येकीला विचारते, ‘‘सकाळी उठल्यापासून काय काय करता, सांगा.’’ आधी लाजून हसतात, ‘‘काही नाही हो वहिनी...’’ म्हणतात. मग सांगायला लागल्या की चार ओळीही पुरत नाहीत.

तुम्हालाही पुढच्या वेळी दवाखान्यात कुणी विचारलं, तर तेवढं ‘काही नाही’ म्हणू नका.