साप चावला, फोटो ग्रुपवर गेला

पावसाला सुरुवात झाली की बिळांत पाणी शिरते आणि साप बाहेर पडतात, हे शेतकरी बांधवांना सांगायला नको. अलीकडे मात्र एक नवा प्रकार पाहावयास मिळतो. घरात कुणाला साप चावला की सापाचा फोटो आधी गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जातो आणि रुग्ण मागाहून दवाखान्यात. तोवर ग्रुपवर निकाल लागलेला असतो : ‘कवड्या आहे, बिनविषारी. काळजी नको.’

घात होतो तो इथे. कवड्या बिनविषारी, मण्यार अतिविषारी. पण दोघांच्याही अंगावर आडवे पांढरे पट्टे असतात. मण्यारीचे पट्टे शेपटीकडे ठळक आणि मानेकडे पुसट, कवड्याचे याच्या उलट. बॅटरीच्या उजेडात काढलेल्या फोटोवरून हा फरक करताना जाणकारही चुकू शकतो.

मण्यार बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दंशाच्या जागी सूज नाही, फारशी वेदना नाही. कधी कधी दातांची खूणही सापडत नाही. पहाटे पोटात दुखते, उलटी होते. घरच्यांना वाटते, रात्रीचे जेवण बाधले. मग पापण्या मिटू लागतात, जीभ जड होते, गिळता येत नाही आणि शेवटी श्वास अडतो. अशा वेळी ग्रुपवरच्या ‘काळजी नको’ या दोन शब्दांची किंमत केवढी होते, ते वाचकांनीच ठरवावे.

२००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यांतील बहुसंख्य खेड्यांतील होती.

उपायांचे संदेशही दर पावसाळ्यात फिरतात. ब्लेडने चीर द्या, सिरिंजने विष ओढा, अमुक थेंब जिभेवर टाका. यातील एकाही उपायाने विष उतरत नाही. वेळ मात्र जातो. ‘एका मोठ्या डॉक्टरांनी सांगितले आहे’ असे खाली असते, पण डॉक्टरांचे नाव, गाव, तारीख काहीच नसते. निनावी चिठ्ठीवर आपण पैशाचा व्यवहार करीत नाही, मग औषध कसे घेतो?

२०१८ साली अफवेपायी धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला पाच निरपराधांचा बळी गेला. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठविण्याची मर्यादा जाहीर केली. संदेशावर दोन बाणांची खूण दिसली, तर तो अनेक हातांतून आला आहे एवढाच तिचा अर्थ. तो खरा आहे असा नव्हे.

म्हणून काय फोन बंद ठेवायचा? मुळीच नाही. रात्री दोन वाजता गाडी मिळवायला गावच्या ग्रुपसारखे साधन नाही. फोटोही दुरून, वेळ न दवडता निघाला तर डॉक्टरांना दाखवावा. सापाच्या मागे मात्र धावू नये. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर आपल्याकडे एकच लस चालते, त्यामुळे साप कोणता हे ठाऊक नसले तरी डॉक्टर लक्षणे पाहून उपचार करतात.

ग्रुपवर निरोप असा असावा : ‘रुग्णाला चालवू नका. अंगठ्या, बांगड्या, पैंजण काढा. चावलेला हात किंवा पाय लाकडी पट्टी लावून स्थिर ठेवा. करकचून बांधू नका, कापू नका. १०८ ला फोन करा. रुग्णवाहिका मोफत आहे.’ त्याखाली, लस उपलब्ध असलेल्या जवळच्या सरकारी रुग्णालयाचे नाव. हे नाव आशाताई किंवा आरोग्य केंद्रातील डॉक्टरांना विचारूनच घालावे, सोबत तारीख लिहावी आणि दर पावसाळ्याच्या तोंडी पुन्हा विचारावे. गेल्या वर्षीचा संदेश तसाच पुढे ढकलला, तर रुग्ण भलत्याच दारात जाऊन उभा राहतो.

आणखी एक. रुग्णालयात गेल्यावर त्रास नसला तरी डॉक्टर २४ तास ठेवून घेतात. ‘बरा आहे, घरी आणतोय’ असा संदेश त्याआधी टाकण्याची घाई करू नये.