पत्रपेटीतील सार-किट्ट विभाजन

अन्नातील सार आणि किट्ट यांचे विभाजन बिघडले म्हणजे काय होते, हे वैद्यांस सांगावयास नको. ई-मेलच्या पेटीचेही तसेच आहे. किट्ट साचले तर त्रास होतोच. पण किट्टाबरोबर सारही बाहेर पडले तर हानी अधिक.

गेल्या वर्षी आम्हांस हा अनुभव आला. एका वैद्यमित्रांनी वाजीकरण कल्पांची मागणी ई-मेलने धाडली. ती स्पॅमच्या कप्प्यात तीन आठवडे पडून राहिली आणि त्यांचे रुग्ण खोळंबले. कारण उघड होते. पौरुषवर्धक गोळ्यांच्या जाहिराती हा स्पॅमचा जुना प्रकार. साहजिकच चाळणी अशा शब्दांकडे संशयाने पाहते. आपल्या व्यवसायाची नित्याची भाषाच तिला दोषलक्षण वाटते.

त्यानंतर आम्ही जाणकारांकडून सर्व्हरवरच व्यवस्था लावून घेतली. औषधालयातील संगणकावरचे वर्गीकरण तो चालू असतानाच होते; सर्व्हरवरचे मात्र पत्र पोहोचताक्षणीच होते. त्यामुळे आयमॅप पद्धतीने जोडलेल्या मोबाइलवर व संगणकावर सारखेच कप्पे दिसतात.

आमची चाळणी स्पॅमअसॅसिन ही आहे. ती एका लक्षणावरून निदान करीत नाही. प्रत्येक लक्षणास गुण देते आणि बेरीज ५ झाली की, मूळ मांडणीनुसार, पत्रावर स्पॅमची खूण करते. तिला शिकविताही येते. मात्र मूळ मांडणीत किमान २०० चांगली आणि २०० स्पॅम पत्रे दाखविल्यावाचून ते शिक्षण कामी येत नाही. चांगल्या पत्रांच्या पाठासाठी आम्ही आमची जुनी मागणीपत्रेच दिली.

पत्रे कप्प्यांत लावण्याचे काम सीव्ह या भाषेतील नियम करतात. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या या भाषेची सुधारित आवृत्ती २००८ मध्ये आली. नियम वरून खाली तपासले जातात, म्हणून क्रम महत्त्वाचा. परिचित वैद्य व पुरवठादार यांचा नियम आम्ही प्रथम ठेवला आणि तेथेच तपासणी थांबविली. स्पॅमच्या खुणेचा नियम त्यानंतर. प्रेषकाचा पत्ता बनावट असू शकतो, हे मात्र विसरू नये. परिचित नावाने बँक खाते बदलल्याचे पत्र आल्यास दूरध्वनीवर खात्री करावी.

एक पथ्य कटाक्षाने पाळावे. सीव्हमधील ‘डिस्कार्ड’ ही आज्ञा पत्र नष्ट करते आणि प्रेषकास त्याची वार्ताही लागत नाही. म्हणून संशयित पत्र नष्ट न करता वेगळ्या कप्प्यात ठेवावे आणि तो कप्पा रोज एकदा पाहावा. यंत्राने लक्षणे मोजावीत. अंतिम निदान आपणच करावे.