विश्लेषण : वडिलांचे बंद पडलेले घड्याळ पुन्हा चालू करायचे, तर जपायचे काय?

कपाटात वर्षानुवर्षे पडून असलेले चावीचे घड्याळ बहुतेक वेळा दुरुस्त होऊ शकते. मात्र ते ‘नवे’ करण्याच्या नादात वडिलांच्या मनगटावरची मूळ वस्तूच हरवण्याचा धोका असतो.

लग्नात सासरकडून मिळालेले, पहिल्या पगारातून घेतलेले किंवा निवृत्तीच्या समारंभात कचेरीने दिलेले मनगटी घड्याळ मराठी मध्यमवर्गीय घरांत एकेकाळी हमखास असे. वडील गेल्यानंतर कागदपत्रे, चष्मा आणि पेनाबरोबर हे घड्याळही मुलांच्या हाती येते. बाजारभावाने त्याची किंमत फारशी नसते. अनेकदा दुरुस्तीचा खर्च त्या किमतीहून अधिक असतो. तरीही ते पुन्हा चालावे, असे घरच्यांना वाटते. प्रश्न केवळ यंत्राचा नाही. काय बदलायचे आणि काय तसेच राहू द्यायचे, हे दुरुस्तीपूर्वीच ठरवावे लागते. कारण यातले काही निर्णय नंतर फिरवता येत नाहीत.

एचएमटीच घरोघरी का आढळते?

हिंदुस्थान मशीन टूल्स ही सरकारी कंपनी १९५३ मध्ये स्थापन झाली. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने तिने १९६१ मध्ये बंगळूरु येथे घड्याळांचा कारखाना सुरू केला. पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते तेथील पहिल्या घड्याळांचे अनावरण झाले. पुढे श्रीनगर, तुमकुरू आणि राणीबाग येथेही कारखाने उभे राहिले. त्यापूर्वी चांगले घड्याळ म्हणजे फाव्र-ल्युबा, वेस्ट एंड यांसारखे आयात केलेले स्विस घड्याळ, असेच समीकरण होते. जनता, पायलट, सोना, कोहिनूर, कांचन या एचएमटीच्या घड्याळांनी ते बदलले. काही तबकड्यांवर तर नाव आणि आकडेही देवनागरीत असत.

जपानच्या सेको कंपनीने १९६९ च्या नाताळात जगातील पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीला आणले. भारतात १९८४ मध्ये टायटनची स्थापना झाली आणि काही वर्षांतच बाजार बॅटरीच्या घड्याळांकडे वळला. केंद्र सरकारने २०१६ मध्ये एचएमटी वॉचेस बंद करण्यास मंजुरी दिली. त्यामुळे आज वारशाने मिळणारी चावीची घड्याळे बहुधा तीस ते साठ वर्षे जुनी असतात.

न वापरताही घड्याळ बंद का पडते?

चावी दिली की आतली मुख्य स्प्रिंग गुंडाळली जाते. ती उलगडताना चाकांची साखळी फिरवते. ही ताकद एकदम सुटू नये म्हणून शेवटी एस्केप चाक, पॅलेट फोर्क आणि बॅलन्स चाक अशी योजना असते. बॅलन्स चाक केसासारख्या बारीक हेअरस्प्रिंगच्या आधारे मागे-पुढे झुलते आणि प्रत्येक झोक्याला एक ठोका पडतो. ‘जनता’सारख्या घड्याळात सेकंदाला पाच, म्हणजे तासाला १८ हजार आणि दिवसाला ४ लाख ३२ हजार ठोके पडतात.

चाकांचे आस ज्यांत फिरतात, ते ‘ज्वेल’ म्हणजे कृत्रिम माणकाचे छिद्र पाडलेले तुकडे. तबकडीवरील ‘१७ ज्वेल्स’ हा त्यांचाच उल्लेख. ते मौल्यवान नसतात. घर्षण आणि झीज कमी करण्यासाठी असतात. या ज्वेलमध्ये तेलाचा अगदी सूक्ष्म थेंब असतो. घड्याळ वापरले नाही तरी हे तेल काही वर्षांत वाळते, घट्ट होते किंवा जागा सोडून पसरते. मग बॅलन्स चाकाला पुरेशी ताकद मिळत नाही आणि ठोके थांबतात.

दुसरा शत्रू म्हणजे ओलावा. मुंबई आणि कोकणातील दमट हवा, पावसाळा आणि घाम यांमुळे चावीच्या दांडीजवळून पाणी आत शिरते. गंज बहुतेकदा तिथूनच सुरू होतो आणि तबकडीमागच्या भागांपर्यंत पोहोचतो.

‘जास्त चावी दिल्याने बिघडले’ ही समजूत कितपत खरी?

घड्याळ पूर्ण चावी दिलेल्या अवस्थेत बंद पडले, की दोष चावी देणाऱ्याच्या माथी मारला जातो. प्रत्यक्षात स्प्रिंग पूर्ण गुंडाळली जाणे ही बिघाडाची स्थिती नाही. घड्याळ त्याच अवस्थेत सर्वांत चांगले चालायला हवे. पूर्ण ताकद असूनही ते चालत नाही, कारण पुढे तेल सुकलेले, आस गंजलेला किंवा कचरा अडकलेला असतो. स्प्रिंग भरल्यानंतरही जोर लावून चावी फिरवली, तर मात्र स्प्रिंग किंवा तिला अडवून धरणारा खटका तुटू शकतो.

‘थोडी चावी देऊन पाहू’ यात धोका काय?

सापडलेल्या घड्याळाला चावी देऊन, हलवून, कानाशी धरून पाहणे ही स्वाभाविक प्रतिक्रिया असते. ठोके ऐकू आले की ते लगेच मनगटावर चढते. नुकसान इथेच होते. बंद घड्याळ झिजत नाही; पण सुकलेल्या तेलावर चालणारे घड्याळ रोज झिजते. तेलाचे अवशेष आणि धूळ मिळून पॉलिश कागदासारखा लगदा होतो आणि तो पोलादी आस घासत राहतो. बॅलन्सच्या आसाची टोके जेमतेम एक दशांश मिलिमीटर जाडीची असतात. ती झिजली की पूर्ण आसच बदलावा लागतो.

त्यामुळे अनेक वर्षे बंद असलेले घड्याळ ‘चालते आहे’ म्हणून वापरात आणू नये. आधी सर्व्हिसिंग करून घ्यावे. घरचे मशीन ऑइल किंवा फवाऱ्याचे वंगण तर मुळीच घालू नये. ते हेअरस्प्रिंगवर पसरले, तर वेटोळी एकमेकांना चिकटतात.

सर्व्हिसिंगमध्ये नेमके काय होते?

खऱ्या सर्व्हिसिंगमध्ये यंत्र पूर्ण उघडले जाते. आधी मुख्य स्प्रिंगची उरलेली ताकद सावकाश सोडतात. मग काटे, तबकडी आणि एकेक चाक चिमट्याने सुटे होते. भाग द्रावणात, अनेकदा अल्ट्रासॉनिक यंत्रात स्वच्छ करतात. भिंगाखाली आसांची झीज, ज्वेलमधील तडे आणि दातांची अवस्था तपासली जाते. मुख्य स्प्रिंगची लवचीकता गेली असेल, तर ती बदलतात.

जोडणी करताना सगळीकडे एकच तेल चालत नाही. वेगाने फिरणाऱ्या भागांना पातळ, मंद आणि दाबाखालच्या भागांना घट्ट तेल, तर चावीच्या यंत्रणेला ग्रीस लागते. पॅलेट फोर्कचे आस सहसा कोरडेच ठेवतात. मागचे झाकण काढून पेट्रोलमध्ये बुडवणे आणि वरून तेलाचा थेंब सोडणे याला सर्व्हिसिंग म्हणता येत नाही.

शेवटी घड्याळ टाइमग्राफरवर ठेवले जाते. हे यंत्र ठोके ऐकून तीन गोष्टी सांगते : दिवसाला किती सेकंद पुढे-मागे, दोन्ही बाजूंचे झोके समान आहेत का आणि बॅलन्स चाक किती अंशांतून फिरते. पूर्ण चावीवर, आडव्या स्थितीत २७० ते ३०० अंश ही उत्तम अवस्था. जुन्या यंत्रात त्याहून थोडे कमी असले तरी चालते. घड्याळ अचानक खूप पुढे पळू लागले असेल, तर हेअरस्प्रिंगमध्ये चुंबकत्व आल्याची शक्यता असते. स्पीकर किंवा पर्सच्या चुंबकी कडीजवळ ठेवल्यानेही असे घडते. चुंबकत्व घालवायला काही सेकंद पुरतात.

तबकडी आणि केस नवे करावे का?

सर्वांत अवघड प्रश्न हाच आहे. यंत्राची दुरुस्ती बाहेरून दिसत नाही. पण घड्याळाची ओळख तबकडीवर असते. पिवळसर झालेली तबकडी, कडेचा डाग, फिका पडलेला आकडा हे सगळे वडिलांनी रोज पाहिलेले असते. नव्याने रंगवलेल्या तबकडीवर मूळ छपाई कायमची पुसली जाते. अक्षरांची ठेवण बदलते, रेषा जाड होतात. संग्राहकांच्या दृष्टीने अशा घड्याळाची किंमत घटते आणि घरच्यांनाही ते अनेकदा परके वाटू लागते. परदेशातील संग्राहकांत तर भारतातून विकल्या जाणाऱ्या, भडक रंगवलेल्या तबकड्यांच्या जोडजमाव घड्याळांना ‘मुंबई स्पेशल’ असे हिणकस नाव पडले आहे.

केसबाबतही हेच. ‘जनता’सारख्या अनेक घड्याळांची केस पितळेची आणि वर क्रोमचा मुलामा असलेली असते. तिला पॉलिश केले, की चरे जात नाहीत. मुलामाच जातो आणि पितळ उघडे पडते. पूर्ण स्टीलच्या केसला पॉलिश करता येते, पण दर वेळी कडा थोड्या बोथट होतात आणि पाठीवर कोरलेले नाव किंवा तारीख पुसट होते. काचेचा प्रश्न त्या मानाने सोपा आहे. जुन्या घड्याळांची काच बहुधा अॅक्रिलिकची असते. तिच्यावरचे बारीक चरे घासून जातात, तडा गेला असेल तर ती बदलता येते आणि मूळ स्वरूपाला फारसा धक्का लागत नाही.

वस्तुसंग्रहालयांतील संवर्धक एक तत्त्व पाळतात : हस्तक्षेप कमीत कमी असावा आणि केलेला बदल शक्यतो मागे घेता यावा. घरच्या घड्याळालाही ते लागू पडते. तेल, स्प्रिंग, काच, पट्टा हे बदलण्याचेच भाग आहेत. तबकडी, काटे, केस आणि कोरलेला मजकूर हे मात्र शक्य तोवर जपण्याचे.

जुन्या ‘रेडियम’च्या काट्यांना हात लावावा का?

मराठीत अंधारात चमकणाऱ्या कोणत्याही पट्टीला ‘रेडियम’ म्हणतात. जुन्या, विशेषतः १९६० च्या दशकापूर्वीच्या अनेक स्विस घड्याळांत मात्र खरोखरच रेडियम असे. रेडियम-२२६ चे अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षे आहे. चमक गेलेली असते, कारण रंगातील चमकणारा पदार्थ निकामी होतो. किरणोत्सर्ग मात्र सुरूच राहतो. बंद घड्याळ कपाटात असण्यापेक्षा तो रंग खरवडणे आणि त्याची धूळ श्वासातून आत जाणे अधिक घातक असते. अशा घड्याळाची काच घरी काढू नये आणि कारागिराला आधीच कल्पना द्यावी.

सुटे भाग मिळतात का?

एचएमटीच्या बाबतीत परिस्थिती बरी आहे. एकच यंत्र अनेक मॉडेलमध्ये वापरलेले असल्याने एका बंद घड्याळातील भाग दुसऱ्याला लागू शकतो. मुंबईच्या चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात दिसणारी मोडकी घड्याळे याच कामी येतात. मात्र या सोयीलाही दुसरी बाजू आहे. भाग सहज बदलता येतात, म्हणून दुरुस्त होण्याजोगा मूळ भागही फेकला जातो. आयात केलेल्या कमी प्रचलित घड्याळांना भाग मिळवणे कठीण असते. तेथे कधी कधी दुसरे तेच घड्याळ घेणे हाच मार्ग उरतो.

कारागिराकडे देताना काय काळजी घ्यावी?

घड्याळाचे पुढून, मागून आणि शक्य असल्यास झाकण उघडून आतून छायाचित्र घ्यावे. ‘पॉलिश नको, तबकडीला हात नको, बदललेले सर्व भाग परत हवेत’ हे पावतीवर लिहून घ्यावे. पूर्ण उघडून सर्व्हिसिंग होणार का आणि टाइमग्राफरचे आकडे मिळतील का, हे विचारावे. झाकणाच्या आत बारीक कोरलेले आकडे किंवा खुणा दिसल्या तर त्या पुसू देऊ नयेत. त्या पूर्वीच्या कारागिरांनी केलेल्या दुरुस्तीच्या नोंदी असतात. वडील ते घड्याळ कितीदा दुरुस्तीला घेऊन गेले, याचा तोच एकमेव पुरावा असू शकतो.

दुरुस्तीनंतर रोज वापरावे का?

वापरता येते, पण अपेक्षा बेताच्या ठेवाव्यात. दिवसाला २०-३० सेकंदांची चूक जुन्या घड्याळासाठी समाधानकारक मानली जाते. दिवसाचे ८६ हजार ४०० सेकंद लक्षात घेतले, तर तीस सेकंद म्हणजे अर्ध्या टक्क्याच्या दहाव्या भागाहूनही कमी. चावी रोज ठरावीक वेळी, शक्यतो मनगटावरून काढून द्यावी; बांधलेल्या घड्याळाला चावी देताना दांडीवर तिरका ताण येतो. झाकणाचे रबर नवे घातले तरी जुने घड्याळ जलरोधक समजू नये. ठेवायचे झाल्यास सिलिका जेलच्या पुडीसह कोरड्या डबीत ठेवावे. वडिलांचे घड्याळ बॅटरीचे असेल, तर बॅटरी आधी काढावी. ती पाझरली की सर्किट खराब होते.

चावीचे घड्याळ पूर्ण उघडून बसवू शकणारे कारागीर वयस्कर होत आहेत आणि त्यांची दुकाने बहुतांशी बॅटरी व पट्टे बदलण्यावर चालतात. म्हणून ‘कधीतरी करू’ म्हणून हे काम लांबवणे परवडणारे नाही. दुरुस्ती झाली की एका चिठ्ठीवर घड्याळ कोणाचे, कधी आणि कशानिमित्त मिळाले, त्यात काय बदलले, हे लिहून ते काढलेल्या जुन्या भागांसह डबीत ठेवावे. ठोके पुढच्या कारागिरालाही ऐकू येतील. हा तपशील मात्र आज लिहिला नाही, तर नंतर कोणालाच सांगता येणार नाही.